वाकडं लाकूड शोधणारी माणसं

खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझ्या मामांची लांबट कौलारू शेड आहे, त्यांची लाकूडकामाची गॅलरी. आत टेबलं, बाक, खुर्च्या, आणि भिंतीच्या कडेने लाकडाची शिल्पं. चोर्ल्याच्या वाटेने गोव्याला निघालेल्या गाड्या तिथे थांबतात. माणसं आत येतात, फणसाच्या जाड फळीवरून हात फिरवतात आणि विचारतात, ही कड अशी नागमोडी मुद्दाम ठेवलीय का? मुद्दामच ठेवलेली असते. साल काढल्यावर खोडाचा जो काठ उघडा पडतो तो करवतीने सरळ करायचा नाही, झाडावर होता तसाच राखायचा, तीच टेबलाची कड. शहरातल्या दुकानांत याला ‘लाइव्ह एज’ म्हणतात. मग दुसरा प्रश्न येतो : ही कल्पना तुम्हाला कुठून मिळाली?

मामा या प्रश्नावर फार बोलत नाहीत. ‘आमच्यात पहिल्यापास्नं हाय,’ एवढंच म्हणतात, आणि विचारणाऱ्याला ते खरं वाटत नाही. मला मात्र ते शब्दशः खरं वाटतं. का, ते आज लिहायचं आहे.

ही शेड म्हणजे पूर्वीचं सुतारमेट, सुताराची कामाची जागा. आज्जा, म्हणजे आईचे वडील, गावचे सुतार. बलुतं होतं तोवर मळणी झाली की खळ्यावरून आपल्या वाट्याचं भात घरी यायचं, आणि त्या बदल्यात वर्षभर गावाचे नांगर, कुळव, कुरी, जू, गाड्या चालत्या ठेवायच्या. पाऊस आमच्याकडे दांडगा. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी इथून वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर. पावसाळाभर शिवार चिखलात असतं. ऐन लावणीत नांगर मोडला तर शेतकऱ्याचा हंगाम हुकतो, म्हणून त्या दिवसांत मेटात रात्रीही कंदिलाच्या उजेडात लाकूड तासायचा वाकस चालायचा. आई सांगते, त्या आवाजातच आम्हाला झोप लागायची.

देशी नांगराची रचना बघितली तर सगळं गणित कळतं. खाली खोड, त्याच्या टोकाला लोखंडी फाळ, हातात धरायला रुमणं, आणि पुढे जुवापर्यंत जाणारी हळस. खोड बाकदार लागतं. हा बाक दोन तऱ्हांनी मिळवता येतो. एक, सरळ ओंडका घ्यायचा आणि करवतीने वळण कापून काढायचं. दिसायला नांगर तंतोतंत होईल. पण लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने धावतात. वळण कापून काढलं की ते नेमके वळणावर तुटतात, आणि बैलांनी जोर लावला की चीर तिथूनच जाते. दुसरी तऱ्हा म्हणजे झाडच जिथे वाकलं आहे, जिथे खोडातून फांदी फुटली आहे, तो भाग शोधायचा. तिथे तंतू आपणहून वळून गेलेले असतात. झाडाने वर्षानुवर्षं फांदीचं वजन, वारा, पाऊस त्याच जागी तोललेला असतो. असा तुकडा नांगराला लावला की बाप मेल्यावरही मुलगा त्याने नांगरत राहतो.

म्हणून आज्जा हिंडायचे. बांधावरून चालताना त्यांची मान वर असायची. अमक्याच्या बाभळीत एक नांगर आहे, तमक्याच्या ऐनात जू आहे, असं ते झाडं उभी असतानाच म्हणायचे. शेतकऱ्याला सांगून ठेवायचे, ही फांदी तोडू नको, अजून दोन पावसाळे जाऊ देत. गावात कुणाच्या बांधावर काय वाढतंय याची अशी एक यादी त्यांच्या डोक्यात होती, आणि ती पुढची दहा-वीस वर्षं पाहून केलेली होती.

चाकाचंही तेच. मधल्या तुंब्याला उकलणार नाही असं, तंतू एकमेकांत गुंतलेलं बाभळीचं लाकूड. आऱ्यांना सरळ रेषेचं. बाहेरच्या पुठ्ठ्यांना पुन्हा थोडं वळलेलं. प्रत्येक तुकडा खाचेत ठोकून बसवायचा, खिळा कुठेच नाही, आणि शेवटी लोहाराकडून लाल तापवलेली धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवायची. पाणी ओतलं की धाव आवळते आणि सगळे सांधे एका दमात घट्ट होतात. या कामाला दोन जातींची, दोन मेटांची माणसं एका वेळी लागायची आणि ती वेळ चुकली तर चाक जळायचं. मी लहान असताना हे बघितलेलं नाही, माझ्या पिढीला ते ऐकूनच माहीत. पण मामांच्या शेडमध्ये अशी एक जोडी अजून भिंतीला टेकून उभी आहे आणि ती विकायला नाही.

वाकड्या लाकडाची ही गरज नांगरापुरती नव्हती. लाकडी जहाजांच्या बरगड्या आणि तळाचे कोपरेही अशाच नैसर्गिक वळणाच्या लाकडातून करायचे, कारण समुद्राचा मार कापलेल्या वळणाला सोसत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींच्या हाताखाली १८१७ साली ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज सागवानात बांधलं गेलं. ते आज इंग्लंडात हार्टलपूलच्या संग्रहालयात आहे, दोनशे वर्षं उलटल्यावरही पाण्यावर तरंगतं आहे. हे सागवान मलबारचं. या जहाजांच्या लाकडासाठीच इंग्रजांनी १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांना मलबारात वनसंरक्षक नेमलं होतं. पुढे १८४७ साली मुंबई इलाख्याला डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक मिळाले, आणि १८६२ साली उत्तर कानडा जिल्हाही याच इलाख्यात आला. काळी नदीच्या खोऱ्यातलं, सुपा-दांडेलीकडचं सागवान सरकारी हिशेबात मोजलं जाऊ लागलं. माझ्या आज्जाच्या आज्जाला गोदी आणि इलाखा माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्याची आणि गोदीतल्या सुताराची नजर एकाच गोष्टीवर होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता एक गोष्ट सांगतो ती बेळगावकरांना अभिमानाची आहे आणि सुतारांना जराशी लागणारी आहे. लाकडी नांगराची जागा घेणारा लोखंडी नांगर आपल्या बेळगावातच जन्मला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळ बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. सुरुवातीला तो नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर महाराष्ट्रभर पोचला. काळ्या, कडक जमिनीत त्याने जे काम केलं ते लाकडी नांगराला झेपणारं नव्हतं, हे कबूल केलंच पाहिजे. खानापूरच्या भातशेतीत मात्र लाकडी नांगर पुढे कितीतरी वर्षं टिकला, कारण चिखलात हलका नांगर बैलांना ओढायला सोपा. तो गेला तो पॉवर टिलर आल्यावर.

गाडीचं चाक त्याआधीच गेलं होतं. जिल्ह्यात साखर कारखाने वाढले, उसाच्या वाहतुकीला टायरची ‘डनलॉप गाडी’ आली, आणि तिला सुतार फक्त साट्यापुरता, वरच्या सांगाड्यापुरता, लागू लागला. तुंबा, आरे, पुठ्ठे करणारे हात काही वर्षांत रिकामे झाले. आज्जा त्या काळात मेटात नुसते बसून असत असं मामा सांगतात. हत्यारं मात्र रोज पाजळायचे.

मामांनी मेट हातात घेतलं तेव्हा बेळगावात घरं बांधायची धांदल होती. दारं, खिडक्यांच्या चौकटी, कपाटं, देव्हारे. त्यांनी सागवानात वीसेक वर्षं चांगलं काम केलं. लाकूड दांडेलीच्या सरकारी डेपोतून लिलावात यायचं, प्रत्येक ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का, सोबत वाहतुकीचा परवाना. मग प्लायवूड आणि सनमायका आले. दांडेलीतच प्लायवूडचा कारखाना होता, त्यामुळे आमच्याकडे हा माल दुरून आलेला परका पाहुणा कधीच नव्हता. प्लायवूडला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. ओंडका गोल फिरवत त्याचे पातळ पदर सोलतात आणि एकावर एक आडवे-उभे चिकटवतात, त्यामुळे ते सहसा आकसत-वाकत नाही, आणि साध्या माणसाला परवडणारं कपाट त्यातूनच होतं. पण त्यात सुताराला निवडायला काही उरत नाही. आठ बाय चारचा प्रत्येक तक्ता दुसऱ्यासारखाच. मोजायचं, कापायचं, ठोकायचं. मामा म्हणायचे, ‘ह्यात डोळ्याचं कामच न्हाई बघ.’ ही त्यांची तक्रार मला त्या वेळी नीट समजली नव्हती. पुढे समजली : आज्जांनी त्यांना शिकवलेली मुख्य गोष्ट डोळ्याची होती, आणि तीच आता कुणाला नको होती.

गॅलरीची सुरुवात आंब्याने झाली. गोव्याचा रस्ता रुंद करताना दुतर्फाची जुनी झाडं पडली. त्या सावलीतून बसने गेलेल्या कुणालाही ते विसरता येणार नाही. उन्हाळ्यात खानापूर जवळ आलं की हवा बदलायची ती त्या झाडांमुळे. पडलेल्या आंब्याला लाकूड म्हणून मान नाही. खोकी आणि जळण, एवढीच त्याची गत. मामांनी असाच एक बुंधा रीतसर विकत घेतला, खालचा, दोन फांद्या फुटतात तो भाग. सॉ मिलवाल्याने विचारलं, ह्यातनं सरळ फळी कुठली निघणार? मामांनी सांगितलं, सरळ नको, आडवा धरून तीन-तीन इंची चिरा.

तो ओंडका चिरल्यावर जे दिसलं ते मला फोटोंतून माहीत आहे. आंब्याचं लाकूड ओलसर जागी पडून राहिलं की त्यात बुरशी शिरते आणि काळ्या बारीक रेघा उमटतात, कुणी बोरूने काढल्यासारख्या. फांदी फुटण्याच्या जागी तंतू एकमेकांत घुसून लाटा तयार होतात. इमारतीच्या कामात हा भाग टाकाऊ, कारण रंधा उलटसुलट अडतो. मामांनी त्या फळीचा एक बाक केला आणि मेटाच्या दाराशी स्वतःला बसायला ठेवला. तो गोव्याला जाणाऱ्या एका माणसाने मागितला. मामांनी आधी दिला नाही, दुसरा करून दिला.

इथे मामेबहिणीचं, आमच्या ताईचं सांगायला हवं, कारण मेटाची गॅलरी झाली ती तिच्यामुळे. ताई धारवाडला चित्रकला शिकली. तिथे तिला जॉर्ज नाकाशिमा सापडले. जपानी वंशाचे, अमेरिकेत १९०५ साली जन्मलेले हे वास्तुविशारद १९३७ साली पाँडिचेरीला आले होते. अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदांच्या कार्यालयाकडे श्री अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या निवासाचं काम होतं, त्याची देखरेख करायला. ते आश्रमात रमले. श्री अरविंदांनी त्यांना सुंदरानंद हे नाव दिलं. १९३९ साली ते निघाले, अमेरिकेला परतले, आणि महायुद्ध पेटल्यावर जपानी रक्ताचे म्हणून १९४२ साली आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत बायको आणि तान्ह्या मुलीसह डांबले गेले. त्या छावणीत त्यांना गेंतारो हिकोगावा हा जपानी परंपरेत तयार झालेला सुतार भेटला. वास्तुविशारदाने सुताराच्या हाताखाली बसून पटाशी आणि करवत धरायला शिकायचं, तेही काटेरी तारेच्या आत. पुढच्या वर्षी रेमंड यांनी जबाबदारी घेऊन त्यांना पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू होपला आणलं. तिथे नाकाशिमांनी आपली कार्यशाळा थाटली, आणि वखारीत नाकारली जाणारी लाकडं, गाठींची, भेगांची, वेड्यावाकड्या कडेची, तीच हाती घेतली. भेग बुजवायची नाही. ती पुढे वाढू नये म्हणून आडवा एक डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा खोचायचा, आणि तो सगळ्यांना दिसू द्यायचा. आज जगभर जी कड ‘लाइव्ह एज’ म्हणून विकली जाते तिच्यामागे मुख्यतः या माणसाचं काम आहे. १९६४ साली ते अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत आले आणि तिथल्या कारागिरांसाठी फर्निचरचे नमुने करून गेले.

त्याच पेन्सिल्व्हेनियात त्यांच्या आधीपासून व्हार्टन एशरिक (१८८७–१९७०) काम करत होते. मूळचे चित्रकार, मग लाकडावरचे ठसे कोरता कोरता शिल्पकार झाले, आणि शिल्प करता करता खुर्च्या, टेबलं, आख्खा जिना कोरू लागले. १९३० साली त्यांनी ओकच्या लाकडात केलेला वळणदार जिना त्यांच्या राहत्या कार्यशाळेत, आता संग्रहालय झालेल्या, अजून आहे. ताईला हे फार मोलाचं वाटलं. शिल्प वेगळं आणि बसायची खुर्ची वेगळी, अशी वाटणी त्या माणसाने मानलीच नाही.

ताईने हे सगळे फोटो मामांना दाखवले तेव्हा मी तिथे होतो. मामा बराच वेळ एका टेबलाचा फोटो बघत राहिले आणि म्हणाले, ‘हे तर बाबा करायचे.’ ताई म्हणाली, ‘बाबा, आज्जानी कधी टेबल केलं?’ ‘टेबल न्हवं गं. हे लाकूड बघायचं. उभ्या झाडात बघायचं.’ या दोन वाक्यांसाठीच खरं तर हा लेख आहे. नाकाशिमांची थोरवी मी मनापासून मानतो. छावणीतून बाहेर पडून लाकडाच्या जखमेला मान देणारा माणूस थोरच. पण सीमाभागातल्या कुणा सुताराने वाकडी कड राखली की त्याने ती परदेशातून उचलली, असं मानणाऱ्यांना आपल्याच बांधावरून मान वर करून चालणारा माणूस दिसलेला नाही. आमच्याकडे ही नजर शोभेसाठी तयार झाली नव्हती. भाकरीसाठी झाली होती, आणि भाकरीचं कारण संपल्यावर ती टेबलात आली.

शिल्पाची परंपराही अशीच घरातली. आमच्या भागात गावोगावी लक्ष्मीची यात्रा भरते, कुठे पाच वर्षांनी, कुठे दहा-बारा, कुठे वीस-पंचवीस वर्षांनीही. देवीची मूर्ती बहुतेक ठिकाणी लाकडाची. यात्रेआधी तिचं रंगकाम होतं, मग अक्षतारोपण, रथ, गदगेवर म्हणजे चौथऱ्यावर बसवणं, आणि अखेरीला देवीला गावच्या सीमेवर नेणं. खाली शिरसीच्या मारिकांबेची मूर्तीही लाकडाचीच, माणसाहून उंच, आणि तिची यात्रा दर दोन वर्षांनी. कानडी गावांत हे काम बडिगेर करतात, मराठी गावांत सुतार, आणि यात्रेच्या कामात दोघेही एकमेकांच्या मेटात जाऊन बसतात. सीमेचा वाद १९५६ पासून चालू आहे, त्याबद्दल माझी मतं आहेत आणि ती पक्की आहेत, पण देवीचा तुटलेला हात बसवताना कुठल्या भाषेत ‘धर’ म्हटलं याने खुंटी सैल होत नाही.

आज्जांनी केलेली आणि दुरुस्त केलेली देवीची कामं होती. उंच उचललेल्या हातासाठी ते कोपरापाशी वळलेली फांदीच घ्यायचे, नांगराचाच नियम. ताईने हे कुणी सांगितल्याशिवाय जुन्या मूर्तीच्या उघड्या पडलेल्या लाकडावरून ओळखलं. तिची स्वतःची शिल्पं आता गॅलरीत असतात. ती बुंध्याला बाहेरून आकार लादत नाही. फणसाच्या मुळाची गाठ, किंदळाच्या झाडाचा दुबेळका, म्हणजे दोन फांद्यांचा फाटा, जिथे जितकं झाडाने केलं आहे तितकं ठेवते आणि बाकीचं पटाशीने मोकळं करते. एक बाई ओणवून लावणी करते आहे असं तिचं एक काम आहे. पाठीचा बाक झाडाचा, फक्त हात आणि डोक्यावरचं इरलं कोरलेलं. मी बेळगावातल्या कलादालनांतून बरंच काही बघितलं आहे, पण या कामासमोर जितका वेळ उभा राहतो तितका क्वचितच कुठे राहतो. ते माझ्या बहिणीचं आहे हे त्यातलं एक कारण असेल, पण एकमेव नव्हे.

एका प्रकाराचा मात्र मला तिटकारा आहे आणि तो मामांनाही आहे. दोन फळ्यांच्या मध्ये निळं रेझिन ओतून ‘नदी’ केलेली टेबलं. गिऱ्हाईक फोटो दाखवून ती मागतं. ज्या तालुक्यातून मलप्रभा आणि म्हादई दोन्ही वाहतात तिथे प्लास्टिकची नदी टेबलात कशाला हवी? गॅलरीत ती होत नाहीत. भेगेत बारीक फट असेल तर मामा त्याच लाकडाचा भुसा आणि लाख भरतात, मोठी असेल तर डमरू.

बघणाऱ्याला तयार टेबल दिसतं. त्यामागचा सगळा वेळ वाळवण्यात गेलेला असतो. ओलं लाकूड वाळताना आकसतं, आणि सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या अंगाने जितकं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट. म्हणून उन्हात टाकलेल्या पापडासारखी फळी एका बाजूने उचलते, आणि गाभ्यातून चीर जाते. जाडीच्या दर इंचाला सुमारे वर्षभर, असा सावलीत वाळवण्याचा ठोकताळा आहे. तीन इंची फळी म्हणजे तीन वर्षं. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचायची, वारा चारी बाजूंनी खेळला पाहिजे, वर दगड. टोकांकडून ओल फार वेगाने निघते आणि तिथेच लाकूड फाटतं, म्हणून आज्जा टोकांना शेणकाला लावायचे, मामा मेण लावतात. लाकूड दिवाळीनंतर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचं, भुंगा लागत नाही, असं जुनी माणसं सांगत. चंद्राचं मला ठाऊक नाही, पण भुंगा सालीलगतच्या पांढऱ्या भागातल्या पिठूळ सत्त्वावर जगतो आणि काही लाकडं महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ते सत्त्व धुऊन काढण्याची रीत आपल्याकडे होती. मेटामागच्या तळीत अजून ओंडके पडलेले असतात.

आमच्या पावसाने हे सगळं अधिक अवघड केलं आहे. जांबोटीकडच्या ओलसर हवेत निगुतीने वाळलेली फळी बेंगळुरूच्या किंवा विजापूरकडच्या कोरड्या हवेत गेली की पुन्हा आकसू लागते. म्हणून मामा टेबलाचा वरचा तक्ता पायांना खिळून टाकत नाहीत. स्क्रूचं भोक लांबट ठेवतात, फळीला हलायला जागा राहते. पॉलिशही जाड काचेसारखं नाही. जवसाचं तेल, मेण, किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. फणस ताजा चिरला की हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात वर्षभरात तांबूस-तपकिरी होतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर रंग उडाला म्हणून फोन येतो.

लाकूड कुठलं वापरायचं हाही निवडीचाच भाग. शिसव आमच्या जंगलाचं वैभव. पण २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत आणि जंगलातही जुनी झाडं विरळ झाली. मामा नवं शिसव घेत नाहीत. पाडलेल्या वाड्याचा एखादा जुना खांब मिळाला तरच. दांडेलीचं अभयारण्य १९५६ चं, खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ चं. या जंगलातून काही येत नाही आणि येऊही नये. गॅलरीत फणस, आंबा, क्वचित परवान्याचं सागवान, बांधावर वाळून पडलेली नाणा, किंदळ, ऐन. एवढ्यावर एक मेट चालतं. दहा मेटं चालतील का, याचं उत्तर बांधावर झाडं किती उरतात त्यावर आहे, आणि बांध दरवर्षी अरुंद होत चालले आहेत. आज्जांची ती डोक्यातली यादी आज करायला घेतली तर पान भरणार नाही. मला गॅलरीच्या भविष्याची काळजी वाटते ती गिऱ्हाइकांमुळे नाही, यामुळे.

ताईने यावर आपल्यापुरता उपाय सुरू केला आहे. गावातली दोन मुलं शिकायला येतात. त्यांना पहिल्या वर्षी रंधा हातात मिळत नाही. थप्पी रचणं, पट्ट्या बदलणं, हत्यारं पाजळणं, आणि रविवारी मामांबरोबर शिवारात हिंडणं. कुठल्या झाडात काय आहे ते वहीत लिहायचं, झाडाचं मराठी नाव, कानडी नाव, मालकाचं नाव, आणि फांदीचं चित्र. ज्याच्या बांधावरचं झाड वहीत येतं त्याला ताई फणसाचं किंवा नाण्याचं एक रोप देते. आता दुसरी वही चालू आहे.

पावसाळ्यात गॅलरी बंद असते, लाकूड ओल धरतं म्हणून. यायचं तर दिवाळीनंतर या. मामांना किमतीआधी झाड कुठलं ते विचारा, मग ते बोलतील, बांध कुठला, कधी पडलं, किती पावसाळे थप्पीत होतं, सगळं. आणि तुमच्या परड्यात, माळ्यावर बाभळीचा किंवा ऐनाचा जुना नांगर पडून असेल, नुसतं खोड असलं तरी चालेल, तर तो बंबात घालण्याआधी त्यांना कळवा. मुलांना तंतू कसे वळतात ते दाखवायला त्यांना असे नांगर हवे आहेत, आणि आमच्या गावात आता एकही उरलेला नाही.